सहा बैल, एक पिकअप आणि पन्नास रुपयांचा दंड : जनावर जप्तीच्या एका प्रकरणाचा अभ्यास

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. अमरावती जिल्ह्यातल्या एका आठवडी बैलबाजारातून रात्री नऊ वाजता सहा बैल भरलेली पिकअप यवतमाळच्या बाजूला निघते. वाटेत दोन ठिकाणी थांबते. पावणेदोनच्या सुमारास नाकाबंदीत तिला अडवले जाते. गाडीत चालक एकटाच असतो. जनावरांबरोबर माणूस नाही, पशुवैद्यकाचा दाखला नाही. चार बैलांच्या बाजार समितीच्या पावत्या आहेत, दोन बैलांच्या नाहीत.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. यातली माणसे, ठाणे आणि गोशाळा कोणा एका गावची नाहीत. पण यातली प्रत्येक पायरी विदर्भात जप्तीच्या कामात असलेल्या पोलिसांच्या, पशुवैद्यकांच्या आणि शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. तो नवा करा म्हटले की चर्चा दंडाच्या रकमेपाशी थांबते. या प्रकरणात दंडाची रक्कम हा सर्वांत लहान प्रश्न ठरतो.

गाडीत कोणाचे काय होते

सहा बैलांचे मालक तीन. पहिली जोडी घाटंजीकडच्या एका कोरडवाहू शेतकऱ्याची. गौळाऊ वळणाचे पांढरे बैल, वजन अंदाजे ३८० किलो, वय पाच-सहा वर्षे, एक लाख पाच हजाराला घेतलेले. पेरणी तीन आठवड्यांवर आली म्हणून त्याने जोडी घेतली. दुसरी जोडी शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याची, थोडी लहान. भाडे वाचावे म्हणून दोघांनी मिळून गाडी केली. उरलेले दोन बैल व्यापाऱ्याचे. वयस्कर, अंगावर मास नसलेले, कानात टॅग नाही. चालकाने ते वाटेतल्या गावातून चढवले, त्याचे भाडे वेगळे.

म्हणजे एकाच हौद्यात शेतीसाठी कायदेशीर घेतलेली चार जनावरे आणि संशयास्पद दोन जनावरे आली. पुढचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो, कारण जप्ती गाडीची होते आणि गाडीतले सगळे एकाच मुद्देमालात जमा होते.

१ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात बारा अंकी टॅग नसलेल्या जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद करण्यात आली आहे. हा नियम चांगला आहे. टॅगचा क्रमांक ‘भारत पशुधन’ प्रणालीत टाकला की जनावर कोणाच्या नावावर आहे ते दिसते. पण विक्रीच्या दिवशी मालकाचे नाव बदलले गेले नसेल तर तिथे जुनाच मालक दिसतो. या प्रकरणात चारही टॅग जुन्या मालकांच्या नावावर होते. नाक्यावर पावती एक नाव सांगत होती, मोबाइल दुसरे.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. रात्रीची वाहतूक हा संशयाचा पहिला मुद्दा धरला जातो. मे महिन्यात विदर्भात दुपारी पारा ४४-४५ अंशांवर असतो. त्या उन्हात लोखंडी हौद्यात उभ्या बैलाला नेणे हाच छळ आहे. ओढकामाच्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियम ३७ अंशांवर तापमान असलेल्या भागात दुपारी १२ ते ३ काम करून घ्यायला मनाई करतात. मग रात्री नेणारा माणूस जनावराच्या सोयीचेच करतो. वेळेवरून हेतू ठरवण्यापेक्षा दाखला, टॅग आणि जागा तपासणे अधिक भरवशाचे आहे.

एका हौद्याची तीन उत्तरे

पिकअपचा हौदा मोजला तर आतून अंदाजे २.५ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद, म्हणजे सव्वाचार चौरस मीटर. यात किती बैल बसतात?

जनावर वाहतूक नियम १९७८ चा नियम ५६ सांगतो, मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरे नेऊ नयेत. चालक हा नियम ऐकून असतो आणि सहा भरतो. त्याच्या मते तो नियम पाळतो आहे. त्याच नियमावलीतला नियम ५० म्हणतो, प्रत्येक गुराला सरासरी दोन चौरस मीटर जागा हवी. मोटार वाहन नियमांत २०१५ मध्ये घातलेला १२५-ई हा नियमही गाय-म्हशीसाठी दोन चौरस मीटरचाच आहे आणि प्रत्येक जनावरासाठी कायमचा कप्पाही मागतो. त्या हिशेबाने या गाडीत दोनच बैल. वजनानुसार जागा सांगणारा तक्ताही वापरात आहे : २०० किलोपर्यंत १ चौरस मीटर, २०० ते ३०० किलोला १.२०, ३०० ते ४०० ला १.४०, त्यावर २. त्याप्रमाणे ३८० किलोचे तीन बैल बसतात.

सहा, तीन की दोन? न्यायालयात बचाव पक्ष ‘सहा’ म्हणतो, सरकारी वकील ‘दोन’ म्हणतात आणि दोघांच्याही हातात छापील नियम असतो. विदर्भात हा फरक पुस्तकी नाही. गडचिरोली-गोंदियाकडची कठाणी गुरे लहान चणीची, वर्ध्याकडचा गौळाऊ बैल उंच आणि लांब. दोघांना एकच आकडा लावला तर एकाच्या बाबतीत गाडी विनाकारण रिकामी जाते. म्हणून वजनाचा तक्ता हाच एकमेव मोजमाप ठेवावा आणि बाकीचे आकडे काढून टाकावेत. बाजारात वजनकाटा नसेल तर छातीचा घेर आणि अंगाची लांबी फितीने मोजून वजनाचा पुरेसा अंदाज येतो.

जागेपेक्षा जास्त दुखापत करते ती बांधणी. या गाडीत सहाही बैलांच्या वेसणी आखूड करून बाजूच्या नळीला बांधल्या होत्या. ब्रेक दाबला की सगळा झोल नाकपुडीवर येतो. नियम ५६ घसरू नये म्हणून तळाला काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या मागतो. इथे उघडा पत्रा होता, त्यावर शेण-मूत. पत्र्यावर खूर घसरतो, बैल बसतो, आणि बसलेल्या बैलाला उठायला जागा नसेल तर शेजारचे त्याच्या अंगावर पाय देतात. बैल दाव्याने, डोके खाली-वर करता येईल एवढी ढील ठेवून बांधावा. शक्यतो तोंड इंजिनाकडे. आणि सोबत एक माणूस हवाच, कारण बसलेल्या बैलाकडे चालकाचे लक्ष जाऊ शकत नाही.

पकडल्यानंतरचे दहा तास

आता वेळ पाहू. गाडी भरल्यापासून अडवेपर्यंत पावणेपाच तास. अडवल्यापासून बैल उतरवेपर्यंत सव्वादहा तास.

पहाटे चारला पंचनामा संपला. ठाण्याच्या आवारात उतरवायला धक्का नाही, बांधायला जागा नाही, पाण्याचे टाके नाही. जवळची गोशाळा भरलेली. दुसरी २८ किलोमीटरवर, तिथला माणूस सकाळी फोन उचलतो. साडेनऊला होकार आला, अकराला गाडी पोहोचली, बाराला बैल उतरले. तोवर ऊन ४३ अंशांवर गेले होते. व्यापाऱ्याचा एक बैल गाडीतच बसला होता. तो ओढून उतरवताना मागच्या पायाला मार बसला. पाण्याचा पहिला घोट सव्वाबाराला मिळाला.

जप्तीचा हेतू जनावराला छळातून सोडवणे हा होता. प्रत्यक्षात जास्त वेळ, जास्त उन्हात आणि पाण्याविना ते कायद्याच्या ताब्यात उभे राहिले. यात ठाण्यातल्या कोणा एकाची क्रूरता नाही. जनावर ताब्यात घेतल्यावर ते किती वेळात उतरले पाहिजे आणि त्याला पाणी कधी मिळाले पाहिजे, याची घड्याळी मुदत कोणावरही बंधनकारक नाही, म्हणून हे घडते.

प्रत्येक ठाण्याला हे आजही करता येते. गाडीचा मागचा फळका मुरमाच्या ढिगाला किंवा रस्त्याकडेच्या बांधाला लावायचा, मधल्या फटीत कुटाराची पोती टाकायची, वर कुटार पसरायचे आणि बैल एकेक करून स्वतःच्या पायाने उतरू द्यायचा. उडी मारायला लावू नये, शेपूट पिरगाळू नये. बसलेल्या बैलाला दोरीने ओढू नये. त्याच्या आजूबाजूचे बैल आधी काढावेत, मग छातीखाली कुटार भरून त्याला उठायला वेळ द्यावा. पाणी पाच-सहा लिटर, मग पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. तहान भागेपर्यंत मिठाचा खडा समोर ठेवू नये, विषबाधा होऊ शकते. पहिल्या दिवशी कडबा किंवा कुटार आणि थोडी हिरवी वैरण, बस्स. दया म्हणून टोपलीभर ढेप किंवा शिळ्या पोळ्या घातल्या की पोटात आम्ल वाढते आणि बैल दुसऱ्या दिवशी पडतो. गोशाळांत दगावणाऱ्या जनावरांत हे कारण असते आणि ते पूर्ण टाळता येण्यासारखे आहे.

कलमे : दुखणे एकीकडे, तपास दुसरीकडे

१९६० च्या कायद्याचे कलम ११(१) छळाचे प्रकार सांगते. (अ) मारहाण आणि अतिभार, (ड) वेदना होतील अशा रीतीने वाहतूक, (ह) मालकाने पुरेसा चारा-पाणी-निवारा न देणे. पहिल्या गुन्ह्याला किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंडाचे हे आकडे दशकानुदशके तसेच आहेत.

कलम ३१ प्रमाणे यातले फारच थोडे गुन्हे दखलपात्र आहेत : अंगच्छेद किंवा क्रूर पद्धतीने मारणे, झुंजींसाठी जागा चालवणे, नेमबाजीसाठी जनावर वापरणे, आणि कलम १२ मधला फुंका (जास्त दूध काढण्यासाठी दुभत्या जनावरावर केला जाणारा क्रूर प्रकार). वाहतुकीतला छळ अदखलपात्र. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत.

मग ठाणे काय करते? महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्याची कलमे जोडते. १९७६ च्या या कायद्यातली १९९५ ची सुधारणा मार्च २०१५ मध्ये अमलात आली. तिने गायीबरोबर बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी घातली, आणि कत्तलीसाठी वाहतूक केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एक गुन्हा दखलपात्र असला की सगळे प्रकरण दखलपात्र धरले जाते. ठाण्याच्या दृष्टीने हा सरळ मार्ग आहे.

जनावराचे नुकसान इथेच होते. गुन्हा कत्तलीच्या हेतूचा झाला की सगळा तपास हेतूभोवती फिरतो : गाडी कुठे चालली होती, व्यापारी कोण, फोन कोणाला गेले. फाटलेली नाकपुडी, मोडलेले शेपूट, पत्र्यावरचे शेण, हौद्याचे माप यांची नोंद एका ओळीत उरकते. पुढे हेतू सिद्ध होत नाही, कारण चार बैलांच्या पावत्या आणि दोन सातबारे समोर असतात. आणि छळाचा पुरावा गोळाच केलेला नसतो, म्हणून तोही सुटतो. छळाचा कायदा इतका कमकुवत ठेवला की त्याचे काम दुसऱ्या कायद्यावर ढकलले गेले. त्या दुसऱ्या कायद्याला जनावर जिवंत असतानाच्या वेदनेशी फारसे कर्तव्य नाही.

त्यात कलम ३६ ची भर. या कायद्याखालचा खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत दाखल झाला पाहिजे. या प्रकरणात दोषारोपपत्र ११८ व्या दिवशी गेले. छळाचा भाग मुदत उलटल्यामुळेच बाद.

पशुवैद्यकाचा अहवाल कसा असावा

‘सहा बैल तपासले, प्रकृती साधारण’ असा दाखला न्यायालयात कशालाच पुरत नाही. पशुधन विकास अधिकाऱ्यावर दवाखाना, लसीकरण, पंचनामे असा भार असतो हे खरे. तरी एका बैलाला पंधरा मिनिटे दिली तर पुढे वर्षभर टिकणारा कागद तयार होतो.

प्रत्येक जनावराचा कागद वेगळा. वर टॅग क्रमांक, नसेल तर तिथेच टॅग मारून. २०१७ चे मुद्देमाल जनावरांच्या देखभालीचे नियम कानातला टॅग किंवा चिप सांगतात, डाग देणे वर्ज्य आहे. मग तपासणीची वेळ, ताप, श्वास, नाडी. बैलाचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. उन्हात उभ्या राहिलेल्या जनावरात ते १०४ च्या वर सापडले तर सावलीची वेळ आणि पुन्हा मोजल्याची वेळ दोन्ही लिहावीत, नाहीतर बचाव पक्ष ‘तापाचा आजार होता’ म्हणतो. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची, परत बसायला किती सेकंद लागतात ते लिहायचे. डोळे खोल गेलेत का ते पाहायचे. पाणी किती कमी झाले होते याचा हा पुरावा असतो, आणि तो पाणी पाजण्याआधीच घ्यावा लागतो. त्यासाठी पाणी रोखायचे नाही. चिमटीची तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे.

नाकपुडी, शिंगाचे बूड, वशिंड, खूर पाहावेत. शेपूट बोटांनी मण्यामण्याने चाचपावे. पिरगाळून निखळलेला मणका वरून दिसत नाही, हाताला लागतो. डोळ्यात तिखट किंवा तंबाखू घातल्याचा संशय असेल तर फ्लुओरेसिनची (डोळ्यातली जखम रंगाने दाखवणारी) पट्टी लावून बुबुळाचा फोटो घ्यावा. जखम ताजी की जुनी हे स्पष्ट लिहावे, कारण जुना खांदा सुजलेला असेल तर तो जुवाचा असतो, गाडीचा नव्हे. प्रत्येक फोटोत टॅग दिसला पाहिजे आणि जखमेशेजारी मोजपट्टी.

तिसऱ्या दिवशी बसलेला बैल दगावला. उन्हाळ्यात शव काही तासांत फुगते, त्यामुळे शवविच्छेदन त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर. या प्रकरणात ते झाले नाही. बैल चुना टाकून पुरला गेला आणि तो गाडीत लागलेल्या मारामुळे गेला, उतरवताना लागलेल्या मारामुळे की घटसर्प या गुरांच्या संसर्गजन्य आजारामुळे, हा प्रश्न कायमचा उघडा राहिला. प्रवासाच्या ताणानंतर घटसर्प उसळतो. म्हणून जप्त जनावरे दोन-तीन आठवडे गोशाळेच्या मूळ कळपापासून वेगळी ठेवावीत. जागेअभावी हे क्वचितच पाळले जाते.

वैरणीचा हिशेब

चारशे किलोच्या बैलाला रोज सहा-सात किलो कडबा किंवा कुटार, आठ-दहा किलो हिरवे, किलोभर सरकी ढेप, पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण आणि मे महिन्यात पन्नास-साठ लिटर पाणी लागते. मजुरी आणि औषध धरून रोजचे दीडशे रुपये धरू. सहा बैलांचे नऊशे. सहा महिने प्रकरण चालले तर एक लाख बासष्ट हजार. राज्य सरकार गोशाळेतल्या देशी गायीसाठी रोज पन्नास रुपये अनुदान देते. बैल त्या हिशेबात बसत नाही.

कलम ३५(४) प्रमाणे हा खर्च मालकाने द्यायचा, आणि दर जिल्हा दंडाधिकाऱ्याने ठरवायचा. या प्रकरणातल्या जिल्ह्यात दर ठरलेला नव्हता. गोशाळेने दोनशे सांगितले, शेतकऱ्यांनी शंभर, व्यापारी फिरकलाच नाही. एका पानाच्या आदेशाने मिटणारा वाद सुनावणीच्या तीन तारखा खाऊन गेला. २०१७ चे नियम जप्त गाडीला तारण धरतात आणि गाडीमालक, पाठवणारा, घेणारा सगळ्यांना एकत्रित जबाबदार करतात. गोशाळेने हा मुद्दा अर्जात घातला असता तर पैसे वसुलीची वाट उघडी राहिली असती. पिकअपचा मालक गाडी सोडवायला आठवड्यातच धावत येतो.

ताबा

शेतकऱ्याने सहाव्या दिवशी सुपूर्तनाम्यासाठी, म्हणजे खटला चालू असताना बैलांचा ताबा मिळावा म्हणून, अर्ज केला. कायद्याच्या लेखी बैल हा मुद्देमाल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९७ म्हणते की मालमत्ता समोर आल्यापासून चौदा दिवसांत तिचे वर्णन नोंदवावे, फोटो घ्यावेत आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यावा. मोटारसायकलसाठी ही मुदत ठीक आहे. जनावर रोज खाते.

ताबा कोणाला द्यावा याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये देवदर पांजरपोळाच्या प्रकरणात सांगितले : गुन्ह्याचे स्वरूप व गांभीर्य, हा पहिलाच गुन्हा आहे का, जनावराची तपासणीवेळची अवस्था, पुन्हा छळ होण्याची शक्यता. या निकषांवर पाहिले तर शेतकऱ्याची जोडी लवकर परत मिळण्यासारखी होती. पावती होती, सातबारा होता, पूर्वीचा गुन्हा नव्हता, बैल धडधाकट. पण अर्ज सहा बैलांच्या एकाच मुद्देमाल क्रमांकावर गेला. गोशाळेने व्यापाऱ्याच्या दोन बैलांसाठी घेतलेली हरकत चौघांनाही लागू झाली. दुसरा वैद्यकीय अहवाल यायला एकोणिसावा दिवस उजाडला. आदेश एकेचाळिसाव्या दिवशी.

तोवर पेरणी झाली होती. शेतकऱ्याने ट्रॅक्टरने वखरणी करून घेतली, सोयाबीन उशिरा टाकले. बैल घरी आले तेव्हा शेजारी डवरणीला लागले होते. दोन बैलांचे एकेचाळीस दिवसांचे, दीडशे रुपये दराने, बारा हजार तीनशे रुपये त्याने भरले. गाडीत जागेपेक्षा जास्त बैल भरू दिले ही त्याची चूक खरी आणि तिला शिक्षा हवीच. पण कायद्यात तिची शिक्षा पन्नास रुपये आहे आणि प्रत्यक्षात एक हंगाम. ज्या व्यापाऱ्याचा बैल मेला त्याने एक रुपयाही दिला नाही. त्याचा दुसरा बैल कोणी मागायला आले नाही, तो गोशाळेतच आहे.

इथे २०१७ च्या नियमांवरचा वाद समजून घ्यावा. जप्तीनंतर जनावर काढून घेण्याची व्यवस्था या नियमांत आहे. मूळ कायद्याचे कलम २९ मात्र दोष सिद्ध झाल्यावरच मालकी हिरावू देते. नियम कायद्याच्या पुढे जातात का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सरकारला विचारला. म्हणूनच ही तरतूद नियमांत न राहता कायद्यातच यायला हवी, स्पष्ट आणि मुदतीसह.

कायद्यात काय यायला हवे

केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुधारणा विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. त्यात पाच स्वातंत्र्ये आहेत : भूक-तहानेपासून, त्रासापासून, दुखापत-आजारापासून, भीतीपासून मुक्ती, आणि स्वाभाविक वागण्याचे स्वातंत्र्य. अमानुष क्रौर्यासाठी पन्नास ते पंचाहत्तर हजार दंड किंवा एक ते तीन वर्षे कैद, आणि जनावराला मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद प्रस्तावित आहे. दिशा योग्य आहे. तो कायदा झालेला नाही, त्यामुळे नाक्यावर आजही १९६० चेच पुस्तक उघडते.

या सहा बैलांच्या बाबतीत कोणत्या बदलाने फरक पडला असता? मोठ्या दंडाने थोडाच. सर्वांत जास्त फरक पडला असता तो पहिल्या दिवसाच्या मुदतींनी : ताब्यात घेतल्यापासून दोन तासांत पाणी, चार तासांत उतरवणी, चोवीस तासांत प्रत्येक जनावराचा स्वतंत्र अहवाल. या मुदती अधिनियमात असाव्यात आणि त्यांची जबाबदारी जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीवर नावानिशी असावी. दुसरे म्हणजे मालकानुसार वेगळा मुद्देमाल क्रमांक आणि सात दिवसांत ताब्याचा अंतरिम आदेश. पेरणीच्या तोंडावर सात आणि एकेचाळीस दिवसांत किती अंतर आहे हे शेतकऱ्याला सांगायला नको. तिसरे, वाहतुकीतला गंभीर छळ दखलपात्र करणे आणि कलम ३६ ची मुदत किमान वर्षभर करणे. ही दोन्ही कामे एकत्रच व्हायला हवीत. एकच केले तर ठाणे पुन्हा कत्तलीच्या कलमाकडेच वळेल.

आणि पहिल्या, किरकोळ चुकीसाठी सुधारणा नोटीस. ब्रिटनच्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात ती आहे : काय चुकले, ते किती दिवसांत कसे दुरुस्त करायचे हे लेखी द्यायचे, आणि त्या मुदतीत ते पाळले तर खटला नाही. आपल्याकडे आज दोनच टोके आहेत, सोडून देणे किंवा जप्ती. चटई नसलेल्या, एक बैल जास्त भरलेल्या शेतकऱ्याला जागीच जास्तीचा बैल उतरवायला लावून नोटीस देता आली पाहिजे. सवयीच्या व्यापाऱ्याला मात्र नाही. त्याची नोंद टॅग प्रणालीत राहिली तर दुसऱ्या वेळी तो ‘पहिल्यांदाच’ म्हणू शकणार नाही.

कायद्याची वाट न पाहता

जनावरांच्या बाजारासाठीचे २०१७ चे केंद्रीय नियम सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१७ मधील आदेशाने थांबले. तरी बाजार समितीला स्वतःच्या आवारात बरेच काही ठरावाने करता येते. सौदा झाल्यावर तिथेच टॅगवरचे मालकाचे नाव बदलून द्यावे, नाव बदलल्याशिवाय पावतीवर शिक्का नको. बाजाराच्या दिवशी पशुवैद्यकाचे टेबल भराईच्या दारापाशी असावे, कार्यालयात नव्हे. नियम ४७ चा दाखला प्रवासाआधी लागतो आणि शेतकऱ्याला तो मागायचा कुठे हेच माहीत नसते. दाराशी फीत ठेवावी आणि पिकअपचा हौदा मोजून फळक्यावर बैलांची संख्या खडूने लिहावी.

भराईचा धक्का बांधायला मोठा खर्च नाही. उतार वीस अंशांपेक्षा कमी हवा. पिकअपचा हौदा जमिनीपासून ७५ ते ८० सेंटिमीटर उंच असतो, त्याला २.४ मीटर लांबीचा उतार पुरतो. मालट्रकचा हौदा १.२ मीटर धरला तर ३.६ मीटर. दोन्ही उंचीचे धक्के शेजारी शेजारी बांधावेत, पृष्ठभाग खरबरीत ठेवावा, दर वीत-दीड विताला आडवी पट्टी द्यावी आणि बाजू बैलाच्या खांद्याएवढ्या उंच, बंद ठेवाव्यात, म्हणजे बाहेरची हालचाल पाहून तो बिचकत नाही. उन्हाळ्यात भराई रात्रीच होते. म्हणून धक्क्यावरचा दिवा, पाण्याचे टाके आणि दाखल्याचे टेबल रात्री दहापर्यंत चालू ठेवण्याची जबाबदारी त्याच ठरावात एका कर्मचाऱ्याच्या पदनामासह लिहावी.